मागच्या दारचा दिवा

"पुढचं झाकण काढलंत का?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला तेव्हा सिस्टर मागच्या अंगणात कमरेत वाकून उभ्या होत्या. डावा डोळा तळहाताने झाकलेला, उजवा दुर्बिणीच्या काचेला चिकटवलेला. बराच वेळ त्यांना नुसता मिट्ट काळोख दिसत होता. आकाश काळंच असतं, त्याअर्थी आपलं बरोबर चाललंय, तारे काय ते हळूहळू उमटतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आता त्यांनी हात लांब करून नळीचं पुढचं टोक चाचपलं. झाकण जागच्या जागी होतं, घट्ट बसवलेलं.

"काढते," त्या म्हणाल्या.

"काढा. मी कधीचा बघतोय. म्हटलं, सांगावं की नको."

भिंतीवर हनुवटी टेकवून उभे होते ते शेजारचे पेंटरकाका. डोक्यावरचे केस पांढरे आणि त्यांत कुठेकुठे निळ्या रंगाचे ठिपके. सिस्टर या घरात राहायला आल्यापासून दोघांचं येता-जाता मान हलवण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. ओळख झाली ती ही अशी, झाकणावरून.

झाकण काढल्यावरही फार काही उजेड पडला नाही. त्या संध्याकाळी सिस्टरना दिसली ती समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, तीही खाली डोकं वर पाय. दुसऱ्या दिवशी एक तारा सापडला, पण तो दुर्बिणीतही ताराच होता, नुसत्या डोळ्यांना दिसतो तेवढाच, फक्त जास्त थरथरणारा. तिवईचा एक स्क्रू पिळला की नळी भलतीकडे मान टाकायची. खोक्यात आलेल्या माहितीपत्रकातली चित्रं बघून सिस्टरनी ज्या अपेक्षा केल्या होत्या, त्या एकेक करून गळून पडत होत्या. पण हाती घेतलेलं काम टाकायची त्यांना सवय नव्हती. हाताला न लागणारी शीरसुद्धा त्यांनी जन्मभर शोधूनच काढली होती.

त्यांचा जन्म सरकारी दवाखान्यात गेला, आणि त्यातलाही मोठा भाग रात्रपाळीत. लग्न झालं नाही. आई होती तोवर दिवसा आईचं करायचं आणि रात्री वॉर्डात जायचं, असं चाललं. आई गेल्यावर दिवसपाळी मागता आली असती, पण तोवर रात्र त्यांच्या नावावर लागून गेली होती. मुलंबाळं असलेल्या सिस्टर पाळी बदलून मागायच्या. म्हणायच्या, तुमची घरी कोण वाट बघतंय, तुम्हाला काय. ते खरंच होतं, म्हणून त्याचा राग यायचा नाही. एकदा पहाटेच्या चहाला खिडकीशी उभ्या असताना त्या बोलून गेल्या होत्या की, जन्म रात्रपाळीत गेला, पण रात्र काही बघितली नाही. बघितली ती ट्यूबलाइट. हाताखालच्या मुलींनी ते लक्षात ठेवलं. आतापर्यंत निवृत्त होणाऱ्या प्रत्येकीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. सिस्टरना लांबोळकं खोकं मिळालं. आत दुर्बीण होती. सिस्टरनी खोक्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली आणि सगळ्यांना जेवून घ्या म्हणाल्या.

दवाखान्याची खोली सोडून त्यांनी गल्लीच्या टोकाचं हे दोन खोल्यांचं घर घेतलं, ते मागे अंगण होतं म्हणून.

चंद्र दिसला तो शुद्ध चतुर्थीनंतर कधीतरी. त्याच्या कडेवरून नजर फिरवताना सिस्टरच्या तोंडून आपोआप शब्द गेला, "अगं बाई." पुस्तकातला चंद्र गुळगुळीत असतो. हा तर देवीचे व्रण असलेल्या माणसासारखा होता, खड्डेच खड्डे, एकात एक. असा चेहरा त्यांनी एकच पाहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका म्हाताऱ्या बाईचा. ती बाई फार हसरी होती. चंद्र सारखा काचेतल्या गोलातून निसटत होता आणि सिस्टर त्याच्यामागे नळी सरकवत होत्या. पाठ भरून आली तेव्हा त्या सरळ झाल्या आणि त्यांना जाणवलं की आपण आज संध्याकाळी कुणाचा ताप बघितला नाही, कुणाची बाटली बदलली नाही, आणि तरी वेळ गेला.

चंद्राचं ठीक होतं, तो स्वतःच लख्ख. बाकीच्या आकाशाला अंधार लागतो, आणि अंधार त्यांच्या अंगणात नव्हता. कारण पेंटरकाकांच्या मागच्या दारावर एक दिवा होता. मोठा, पांढरा, उघडा. तिन्हीसांजेला लागायचा तो दिवस उजाडेपर्यंत जळायचा. त्याचा उजेड भिंत ओलांडून सिस्टरच्या अंगणात अर्ध्यापर्यंत पसरायचा आणि दुर्बिणीच्या काचेत शिरून सगळं आकाश दुधाळ करून टाकायचा.

एका संध्याकाळी काका भिंतीशी आले तेव्हा सिस्टरनी सरळ विषय काढला. तुमचा मागचा दिवा तासभर बंद ठेवता आला तर फार बरं होईल म्हणाल्या. उजेडात तारे बुडतात, तासभरच, मग खुशाल लावा.

काकांचा चेहरा होता तसाच राहिला. फक्त भिंतीवरचा हात त्यांनी काढून घेतला.

"तेवढं सोडून काहीही सांगा, सिस्टर," ते म्हणाले, आणि आत गेले.

सिस्टरना राग आला. एवढं काय मागितलं होतं आपण, असं वाटून त्या दोन दिवस भिंतीकडे फिरकल्याच नाहीत. मग खिडक्यांचे पडदे शिवायला टाकायचे म्हणून त्या गल्लीतल्या शिंपीणबाईंकडे गेल्या. बोलता बोलता दिव्याचा विषय निघाला तसं बाईंनी मशीन थांबवलं.

पेंटरकाकांना एक मुलगा होता. लहानपणापासून एका जागी बसेल तर शपथ, पायाला सदा भिंगरी. म्हणून अख्खी गल्ली त्याला भिंगऱ्याच म्हणायची, आणि त्याने मनगटावर गोंदूनही घेतली होती एक भिंगरी. हात बापासारखाच, अक्षर काढायचा ते बघत राहावं. मग छापील पाट्या आल्या, हाताने पाट्या रंगवून घेणारं कुणी उरलं नाही. बाप म्हणायचा, थांबू, बघू. मुलाला थांबणं कुठलं येतंय. काम शोधायला जातो म्हणून गेला. आधी फोन यायचा, मग कधीमधी यायचा, मग तो नंबरच लागेना. काकांनी पोलिसांत सांगून झालं, दोन-तीन शहरं पालथी घालून झाली. त्याला बरीच वर्षं झाली. आई होती तेव्हा ती मागचा दिवा लावून ठेवायची आणि दाराला कडी घालायची नाही, कारण हा कार्टा रात्री-बेरात्री यायचा तो मागच्या दारानेच. आई गेली. आता काका तसंच करतात.

"त्यांना बोललात वाटतं तुम्ही?" शिंपीणबाईंनी विचारलं.

सिस्टरनी पडद्यांची मापं दिली आणि घरी आल्या.

त्यानंतर त्यांनी दिव्याचं नाव काढलं नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्यांनी एक जुनी जाड चादर टाकली आणि तिच्या सावलीत दुर्बीण उभी केली. चादर वाऱ्याने हलायची, उजेड मधूनच डोळ्यांवर यायचा, पण भागत होतं. काका भिंतीपलीकडून ते बघत असावेत, कारण चार-पाच दिवसांनी दुपारी पलीकडून पत्रा कापल्याचा आवाज सुरू झाला. संध्याकाळी दिवा लागला आणि सिस्टर बघतच राहिल्या. त्यांच्या अंगणात उजेडच नव्हता.

काकांनी रंगाचा मोठा डबा उभा कापून दिव्यावर टोपीसारखा बसवला होता. आता उजेड नुसता खाली पडत होता, दारापुढच्या पायरीवर आणि वाटेच्या तुकड्यावर, नेमका चालत येणाऱ्याला लागेल तेवढा. त्याबाहेर सगळीकडे काळोख.

"आतून काळा रंग दिलाय, दोन हात," काका म्हणाले. "चमकायला नको."

"कशाला एवढी खटपट केलीत, काका."

"दिवा बंद करायचा झाला तर तो माझा नाही. हिचा आहे. हिने जाताना सांगितलं, तो आला की मालवा. पण इकडेतिकडे उजेड सांडायला पाहिजे असं काही हिने सांगितलं नव्हतं." ते थोडं थांबले. "ती असती तर मला आधीच ओरडली असती. शेजाऱ्याच्या डोळ्यांत उजेड मारता म्हणून."

सिस्टरनी त्यांना बघायला बोलावलं. काका फाटकाकडून वळसा घालून आले. त्या दिवसांत शनी दक्षिणेकडे संध्याकाळीच वर आलेला असायचा, पण आजवर तो सिस्टरना नीट सापडला नव्हता. आता सापडला. आधी एक लांबट ठिपका, मग काच हळूहळू पुढेमागे केल्यावर तो एकदम धारदार झाला. इवलासा गोळा आणि त्याला आडवं कडं, कानातल्या बाळीएवढं. सिस्टरनी एकदा पोटभर बघून घेतलं. मग मुकाट्याने बाजूला झाल्या आणि काकांना जागा दिली.

काका वाकले. त्यांना सवय नसल्याने आधी त्यांनी दोन्ही डोळे मिटले, मग चुकीचा उघडला, मग बरोबर जमलं. पुष्कळ वेळ ते हललेच नाहीत.

"हे कुणी काचेवर काढलेलं तर नाही ना?"

"नाही हो. तोच आहे."

"एका केसाच्या ब्रशने ओढलंय," काका म्हणाले. "आणि हात कुठे हलला नाही." सरळ होताना त्यांनी कमरेवर हात ठेवला. "शनी माणसाच्या मागे लागतो असं ऐकत आलो. आपण शनीच्या मागे लागलोय, हे पहिल्यांदाच."

सिस्टर हसल्या. आपण मोठ्याने हसलो हे त्यांना हसून झाल्यावर कळलं.

मग रोजचंच झालं. काका संध्याकाळी यायचे, येताना आपली खुर्ची स्वतः घेऊन यायचे. सिस्टरना तिवईचे स्क्रू वश होत नव्हते, काकांनी त्यांना तेल दिलं. नेम धरायच्या वरच्या छोट्या नळीत एक दिसायचं आणि मोठीत भलतंच. ते दोघांनी मिळून एकदा दिवसाउजेडी दूरच्या मनोऱ्याच्या टोकावर धरून जुळवलं. गुरूजवळचे चार ठिपके कालच्यापेक्षा आज जागा बदलून बसलेत, हे आधी काकांच्या लक्षात आलं. ओळीत एक अक्षर सरकलं तरी त्यांना कळायचं. सिस्टर माहितीपत्रकातलं वाचून सांगायच्या. एक गोष्ट मात्र अजून बाकी होती. थंडीत मृग वर येतो, त्याच्या तीन ताऱ्यांच्या खाली एक धुरकट डाग असतो, तो लहान दुर्बिणीतही दिसतो असं लिहिलं होतं. सिस्टरना तो बघायचा होता. मृगाला वर यायला अजून अवकाश होता.

कधी कधी बघता बघता काकांचं लक्ष उडायचं. मागच्या वाटेवर पाऊल वाजलं की त्यांचा डोळा काचेवरच असायचा, पण मान ताठ व्हायची. पाऊल पुढे निघून जायचं. मग ते विचारायचे, "हं, काय म्हणत होतात?" सिस्टर पहिल्यापासून पुन्हा सांगायच्या.

थंडी पडू लागली तेव्हा एका दुपारी हवालदार आला. तो काकांच्या दाराशी न जाता आधी सिस्टरच्या दाराशी आला. वयाने लहानच होता. शेजारी कोण राहतं, ते एकटेच असतात का, तब्येत कशी आहे, असं तो विचारू लागला, आणि सिस्टरना पुढचं कळलं. असे प्रश्न माणूस कधी विचारतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बेपत्ता माणसांची जुनी प्रकरणं पुन्हा तपासत होते, तो म्हणाला, त्यात जुळलं. लांबच्या एका शहरातला दवाखाना. निमोनिया. कुणीतरी रस्त्यावरून आणून टाकलं होतं, शुद्ध नव्हती, नाव सांगायला जवळ कुणी नव्हतं. मनगटावर गोंदलेली भिंगरी, फोटोत स्पष्ट दिसत होती. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुढचं सगळं दवाखान्यानेच उरकलं होतं.

"तुम्ही सिस्टर ना," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तर बरं. तुम्हाला सवय असेल."

सवय होतीच. माणसाला आधी बसवायचं. उभ्याने सांगायचं नाही. आडवळणं घ्यायची नाहीत, गंभीर आहे वगैरे म्हणून आशा लावायची नाही. एका वाक्यात सांगायचं आणि मग गप्प बसायचं, कितीही वेळ लागला तरी. नव्या मुलींना त्यांनीच हे शिकवलं होतं. हवालदाराला काकांच्या फाटकात थांबवून त्या आत गेल्या.

काका पडवीत बसले होते, बसलेलेच होते. मांडीवर पत्र्याची पाटी, शिंपीणबाईंच्या दुकानासाठी. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी हाताने रंगवलेली पाटी मागितली होती म्हणून ते खुशीत होते. सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या आणि शिकवलेलं सगळं विसरल्या.

"काका, ब्रश खाली ठेवा."

काकांनी वर पाहिलं. सिस्टरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे फाटकात टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या हवालदाराकडे. मग पुन्हा पाटीकडे.

"एवढी मात्रा पुरी करतो," ते म्हणाले. "अर्धी सोडली तर ओघळ येतो."

त्यांनी मात्रा ओढली. सावकाश, डावीकडून उजवीकडे, टोकाला बारीक करत. रेष कुठेही हलली नाही. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, फडक्याला पुसला, त्याचे केस बोटांनी नीट जुळवले आणि आडवा ठेवला.

"हं. सांगा."

सिस्टरनी एका वाक्यात सांगितलं.

हवालदाराला काकांनी काही विचारलं नाही. भिंगरी उजव्या हातावर होती का, एवढंच. तो हो म्हणाला. कागदावर सही हवी होती, ती त्यांनी सुंदर अक्षरात केली. हवालदार गेल्यावर सिस्टरनी आत जाऊन चहा केला. दोन्ही कप भरलेले तसेच राहिले. शिंपीणबाई येऊन पदराने डोळे पुसत बसल्या, मग त्याही गेल्या.

दिवस कलला. सिस्टर आणि काका मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. दिव्याचं बटण काकांच्या डोक्याशीच होतं. अंधार पडू लागला तसा त्यांचा हात नेहमीच्या सवयीने वर गेला, बटणापर्यंत पोचला आणि तिथे थांबला. मग त्यांनी तो खाली आणून मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताखाली.

"म्हणजे तुम्ही इथे राहायला आलात," ते म्हणाले, "तेव्हा तो नव्हताच."

"नव्हता."

"मी टोपी केली तेव्हाही नव्हता."

मागच्या वाटेने कुणीतरी सायकल ढकलत गेलं. काकांनी मान वळवली नाही.

"सिस्टर, एक विचारू? तुम्ही त्यातल्या आहात म्हणून विचारतो."

"विचारा."

"अशा वेळी जवळ कुणी असतं का?"

हा प्रश्न त्यांना जन्मात पुष्कळांनी विचारला होता, आणि त्या सगळ्यांना त्यांनी हो म्हटलं होतं. आज मात्र डोळ्यांपुढे वॉर्ड उभा राहिला. एका बाजूच्या खाटा आणि दुसऱ्या बाजूच्या खाटा, खाटा संपल्या की जमिनीवरच्या गाद्या, आणि सगळ्यांना मिळून एक सिस्टर. एका टोकाला कुणाचा श्वास लागला म्हणून धावावं, तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी हाक मारत असतं. आले हं, म्हणायचं. सगळ्यांनाच म्हणायचं. कधी वेळेवर पोचणं व्हायचं, कधी पोचेपर्यंत हाक थांबलेली असायची. नाव नसलेल्या माणसाला तर हाक मारायलाही कुणी नसतं. त्या लांबच्या शहरात त्या रात्री जी कोण ड्यूटीवर असेल ती वाईट नसेल. तिला फक्त दोनच पाय असतील.

"सिस्टर असते," त्या म्हणाल्या.

"रात्रीचीसुद्धा?"

"रात्रीचीसुद्धा."

"तुमच्यासारखी."

"माझ्यासारखीच."

काकांनी मान डोलावली, पुन्हा डोलावली, आणि मग ती तशीच खाली राहिली. सिस्टरनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली म्हाताऱ्या माणसाची पाठ थरथरत होती, आवाज न होता. पूर्ण काळोख झाला तरी दोघं तिथेच बसून होती.

त्या दिवसापासून दिवा लागला नाही.

आणि सिस्टरचं आकाश असं उघडलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतूनसुद्धा बघवत नव्हतं. चंद्र नसलेल्या रात्री होत्या. भिंतीपलीकडे एवढासा उजेड नाही. ज्या जागी टोपीनंतरही थोडं दुधाळ धुरकं उरलं होतं, तिथे मूठभर फेकावेत तसे तारे होते. हा अंधार आपणच मागितला होता, हे काही केल्या त्यांच्या मनातून जाईना. तासभर मिळाला तरी चालेल म्हणालो होतो. मिळाला तो सगळाच. त्यांनी दुर्बिणीवर चादर टाकून ती कपाटाशेजारी उभी करून ठेवली. संध्याकाळी मागचं दार लावून घेऊ लागल्या. दोन्ही वेळचं जेवण काकांना पोचवायच्या, डबा घासूनपुसून परत यायचा, त्यावर बोलणं काही नसायचं. शिंपीणबाईंची पाटी काकांनी पुरी करून दिली. ती दुकानावर लागली, आणि गल्लीतला जो तो थांबून बघत होता, पण अक्षर छान आलंय असं काकांना सांगायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी सिस्टर वाळलेले कपडे काढायला मागे आल्या तेव्हा भिंतीपलीकडे काका उभे होते. दिसत नव्हते, पण उभे आहेत हे कळत होतं.

"काढत नाही का हल्ली दुर्बीण?"

"नाही. थंडी फार पडते," सिस्टर म्हणाल्या.

"थंडीत तो दिसणार होता ना, तो डाग. मृगातला."

"हो."

"मग?" काकांचा आवाज सपाट होता, त्यात रागही नव्हता आणि समजूतही नव्हती. "सिस्टर, अंधार वाया का घालवताय?"

हातातले कपडे पायरीवर ठेवून सिस्टर आत गेल्या आणि दुर्बीण बाहेर आणली. काका फाटकाकडून आले. खुर्ची आणली नव्हती. मृग पूर्वेला चांगला वर आला होता, तिरपा. त्याचे तीन तारे ओळीत, काकांनी फूटपट्टी लावून मारल्यासारखे. सिस्टरनी नळी त्यांच्या खाली उतरवली. आता हात पहिल्यासारखे चाचपडत नव्हते. डाग लगेच सापडला. इतके दिवस वाट पाहिलेली गोष्ट, पण त्यांनी तिच्याकडे पुरतं बघून घेतलं नाही. आहे एवढी खात्री केली आणि बाजूला झाल्या.

"बघा."

काका वाकले. एक डोळा मिटायला आता त्यांना अडचण आली नाही. श्वासाची वाफ काचेवर जाऊ नये म्हणून त्यांनी हात तोंडापुढे धरला. गल्लीत कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला तरी ते बघतच होते.

"ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखं आहे," ते म्हणाले. "काय आहे हे?"

"धूळ आहे. धूळ आणि वायू, असं लिहिलंय."

"धूळच?"

"हो."

"आणि मधे हे चार बारीक तारे?"

"त्यांच्यामुळेच ती धूळ दिसते म्हणे. नाहीतर दिसली नसती."

काका आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं आहे," आणि सरळ झाले. त्यांनी डोळे पुसले नाहीत. थंडीने पाणी येतं तसं आलं होतं, ते तसंच राहू दिलं. सिस्टरनी त्यांना थोडं बसा म्हटलं. ते नको म्हणाले, तुम्ही बघा, मी बघितलं. उद्या येईन म्हणाले. सिस्टरनी आतून टॉर्च आणून पुढे केला. वाट माहीत आहे, म्हणून त्यांनी तोही घेतला नाही.

ते फाटकाबाहेर पडले आणि अंधारात मिसळून गेले. पाऊल तेवढं ऐकू येत होतं. मागच्या वाटेवरचं, मग भिंतीलगतचं, मग पायरीवरचं. पायरीवर ते क्षणभर थांबले. मग दार उघडल्याचा आवाज झाला आणि लोटल्याचा.

सिस्टर दुर्बिणीवर हात ठेवून उभ्या होत्या. डोळा काचेपाशी नेलेला होता, पण त्या बघत नव्हत्या, कान देऊन ऐकत होत्या. आता कडी वाजेल म्हणून त्या थांबल्या. आतला दिवा लागला, भांडं हललं, खोकला आला. आतला दिवाही मालवला गेला.

कडी काही वाजली नाही.